लॅपटॉपची उष्णता : तिचा उगम आणि तिची वाट

मे महिन्यातील दुपार आहे असे समजू. एखाद्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या खोलीत हवेचे तापमान ४२ अंश सेल्सिअसवर गेले आहे. ग्रंथपाल वाचनालयाच्या एकमेव लॅपटॉपवर एका विद्यार्थ्याचा महाविद्यालय-प्रवेशाचा अर्ज भरीत आहेत. काही वेळाने यंत्रातील पंखा मोठ्याने घरघरू लागतो. कळ दाबल्यानंतर अक्षर उमटावयास विलंब होऊ लागतो. आणि अर्ज पुरा होण्यापूर्वीच पडदा एकाएकी काळा पडतो. यंत्राच्या पाठीला हात लावून पाहावा तर चटका बसतो. जमलेल्यांपैकी एकजण म्हणतो, यंत्र जुने झाले, नवे घ्यावे. दुसरा म्हणतो, आत व्हायरस शिरला असावा. तिसरा ओले फडके घेऊन येतो.

प्रसंग कल्पित असला तरी तो आपल्या देशात उन्हाळ्यात कोठेही घडण्यासारखा आहे. यांतील पहिला सल्ला बहुधा अकारण खर्चाचा, दुसरा क्वचित खरा ठरणारा आणि तिसरा घातक होय. तिघांनीही एक साधा प्रश्न मात्र विचारलेला नाही : या यंत्रात निर्माण होणारी उष्णता एरवी जाते कोठे, आणि आज ती का गेली नाही? लॅपटॉप तापतो म्हणजे तो बिघडलाच असे नव्हे. तो चालू आहे तोवर त्यात उष्णता उत्पन्न होणारच. ती नष्ट करता येत नाही. केवळ एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचविता येते. तिच्या जाण्याची वाट ज्याला ठाऊक आहे, त्याला ती कोठे अडली हेही बहुतेक वेळा शोधून काढता येते, आणि तेही काही न उघडता.

उष्णता येते कोठून?

विजेवर चालणारा पाण्याचा पंप घेतला, तर त्याने वापरलेल्या विजेचा मोठा भाग पाणी वर चढविण्यात खर्च होतो. लॅपटॉपचे तसे नाही. त्याने केलेल्या बेरजेला वजन नसते आणि त्याने लिहिलेले पत्र कोठे वर उचलावे लागत नाही. म्हणून त्याला पुरविलेल्या विजेपैकी जवळजवळ सर्वच अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पडद्याचा प्रकाश तेवढा क्षणभर निराळा दिसतो. परंतु तोही खोलीच्या भिंतींत शोषला जाऊन उष्णताच होतो. लॅपटॉपच्या ॲडॉप्टरवर ४५ किंवा ६५ वॅट असा आकडा छापलेला असतो. यंत्र पूर्ण भाराने काम करीत असेल, तेव्हा जवळजवळ तेवढ्या वॅटची एक छोटी शेगडीच आपल्यासमोर पेटलेली आहे असे समजावयास हरकत नाही.

या उष्णतेचा मुख्य उगम म्हणजे प्रोसेसर, अर्थात आकडेमोड करणारी सिलिकॉनची चकती. तिच्यावर ट्रान्झिस्टर नावाचे कित्येक अब्ज सूक्ष्म स्विच कोरलेले असतात. प्रत्येक स्विच चालू वा बंद होताना अत्यल्प विद्युत्भार कोठेतरी भरला जातो आणि पुन्हा रिकामा होतो, आणि या प्रत्येक खेपेला वाटेतील रोधामुळे थोडी उष्णता उत्पन्न होते. वाहत्या विजेमुळे उष्णता निर्माण होण्याचा नियम जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केला. अब्जावधी स्विचांनाही तोच लागू आहे. एका खेपेची उष्णता अगदी नगण्य खरी. पण खेपा सेकंदाला अब्जावधी होतात. याखेरीज स्विच बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपत राहते, आणि चकती जितकी तापेल तितकी ही गळती वाढते. म्हणजे तापलेला प्रोसेसर तेच काम करावयास अधिक वीज घेतो आणि त्यामुळे आणखी तापतो.

संगणकाची आणि उष्णतेची ही सोबत जुनीच आहे. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे दीडशे किलोवॅट वीज लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकातही सुमारे २,७०० नलिका होत्या. नलिकेतील तंतू तापविल्याखेरीज ती कामच करीत नसे. ट्रान्झिस्टरने तो तंतू काढून टाकला. उष्णता मात्र संपली नाही. किंबहुना ती पूर्णपणे संपणे शक्यच नाही. माहितीचा एक कण पुसून टाकावयाचा म्हटले तरी काही किमान उष्णता बाहेर पडलीच पाहिजे, असे रॉल्फ लँडावर यांनी १९६१ साली दाखवून दिले. आजचे प्रोसेसर त्या किमान मर्यादेच्या कितीतरी पटींनी अधिक उष्णता सोडतात, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण उष्णता किती आहे यापेक्षा ती किती लहान जागेत एकवटली आहे ही आहे. कपड्यांच्या इस्त्रीचे उदाहरण घ्या. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळवा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५ वॅट पडतात. लॅपटॉपच्या प्रोसेसरची चकती अंगठ्याच्या नखाएवढी, म्हणजे एक-दीड चौरस सेंटिमीटरची; आणि तिच्यात १५ ते ३० वॅट उष्णता निर्माण होते. इस्त्रीच्या तळव्याच्या निदान दुप्पट-तिप्पट उष्णता नखाएवढ्या जागेतून सतत काढून घ्यावयाची, आणि तीही दोन सेंटिमीटरहून पातळ पेटीतून. २००५ च्या सुमारास प्रोसेसरचा वेग वर्षानुवर्षे वाढवीत नेण्याची शर्यत मंदावली, ती मुख्यतः याच कारणाने. वेग वाढविण्याऐवजी एकाच चकतीवर दोन, चार, आठ गाभे बसविण्याकडे उत्पादक वळले.

उष्णतेची वाट

उष्णता पसरण्याचे तीन मार्ग शाळेत शिकविले जातात : वहन, अभिसरण आणि प्रारण. लॅपटॉपमध्ये पहिल्या दोहोंवरच सारी भिस्त असते.

प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याची एक पट्टी घट्ट दाबून बसविलेली असते. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांनी भरलेले असतात. ते एकमेकांवर ठेवले असता फक्त शिखरेच शिखरांना टेकतात आणि दऱ्यांत हवा कोंडून राहते. हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. तांबे तिच्यापेक्षा सुमारे पंधरा हजारपट चांगले वाहक होय. म्हणून त्या दऱ्या भरून काढण्यासाठी मध्ये एक लेप लावतात. बाजारात त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. हा लेप हवेहून शेकडोपट चांगला वाहक असला, तरी तांब्याच्या मानाने तो फार मागे आहे. यास्तव तो पातळ हवा; दऱ्या भरण्यापुरता. जाड थर दिल्यास उष्णतेच्या वाटेत आपणच भिंत बांधल्यासारखे होते.

यापुढे येते ती उष्णतानलिका, आणि लॅपटॉपच्या पोटातील सर्वांत सुंदर वस्तू कोणती असे विचारल्यास मी हिच्याकडे बोट दाखवीन. बाहेरून पाहता ती तांब्याची एक चपटी नळी दिसते. तिच्यातील हवा काढून टाकून आत पाण्याचे काही थेंब भरलेले असतात आणि तोंड कायमचे बंद केलेले असते. आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दाब अतिशय कमी असल्यामुळे हे पाणी १०० अंशांची वाट न पाहता कितीतरी कमी तापमानास उकळू लागते. प्रोसेसरकडील टोकास पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते भरपूर उष्णता पोटात घेते. ती वाफ क्षणार्धात थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि घेतलेली उष्णता ती तेथे सोडून देते. हे पाणी परत कसे येते? कंदिलाच्या वातीतून रॉकेल जसे आपोआप वर चढते, तसेच केशाकर्षणाने ते त्या सच्छिद्र थरातून मूळ जागी येते. यात पंप नाही, झडप नाही, झिजणारा एकही भाग नाही.

थोडे गणित करून पाहू. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास या तापमानास सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. ३० वॅट म्हणजे सेकंदाला ३० ज्यूल. तेव्हा दर ८० सेकंदांस एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की काम भागते. तेच थोडेसे थेंब अखंड फेऱ्या घालीत राहतात आणि सारी उष्णता वाहून नेतात. अशा नळीची कल्पना अमेरिकेत रिचर्ड गॉगलर यांनी मांडली आणि १९४४ साली तिचे पेटंट त्यांना मिळाले; परंतु तिचा उपयोग कोणास सुचला नाही. पुढे १९६३ साली लॉस ॲलामॉस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे शोधून काढली, ती अंतराळातील उपकरणांचा विचार करीत असताना. कृत्रिम उपग्रहांसाठी उपयोगी पडलेली ही युक्ती पुढे शाळकरी मुलाच्या दप्तरात येऊन बसली.

नलिकेचे थंड टोक पातळ पत्र्यांच्या दाट रांगेला जोडलेले असते. ही रांग यंत्राच्या कडेला असलेल्या फटीमागे डोकावून पाहिल्यास दिसते. तिला आपण जाळी म्हणू. पंखा यंत्राच्या तळातून हवा ओढतो आणि या जाळीतून बाहेर ढकलतो. येथेही हिशेब उद्बोधक आहे. एक ग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे एक ज्यूल लागतो. बाहेर पडणारी हवा १५ अंशांनी तापू द्यावयाची असेल, तर ३० वॅटसाठी सेकंदाला २ ग्रॅम, म्हणजे पावणेदोन लिटर हवा हवी. दोनशे लिटरचे पिंप दोन मिनिटांत भरेल एवढा हा प्रवाह आहे. तो ज्या तळाच्या फटींतून आत येतो, त्या फटी आणि टेबल यांत अंतर असते फक्त रबरी पायांच्या उंचीएवढे, काही मिलिमीटर.

आता खोलीच्या तापमानाचा प्रश्न. उष्णता उताराने वाहते. आणि तेवढीच उष्णता वाहवून न्यावयाची असेल तर प्रोसेसर आणि खोलीची हवा यांच्या तापमानांत तेवढाच फरक पडावा लागतो. एखाद्या कामात २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८५ अंशांवर स्थिरावत असेल, तर हा फरक ६० अंशांचा झाला. तेच काम ४३ अंशांच्या खोलीत केल्यास बेरीज १०३ होते. लॅपटॉपच्या पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. सबब, हिवाळ्यात निर्दोष चालणारे यंत्र उन्हाळ्यात अडखळू लागले तर त्यात नवा बिघड झालाच असे नाही. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी हवा समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशाइतकीच दाट असते. तेथे पंखा तितकाच फिरला तरी त्या मानाने कमी हवा ओढतो. सुदैवाने तेथील हवा थंड असते.

मर्यादा गाठली जाताच प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. त्याची उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आणि वेग कमी केला की दाबही कमी करता येतो. दोन्ही वीस टक्क्यांनी घटविल्यास ०·८ चा तीन वेळा गुणाकार होऊन ०·५१ येतात. म्हणजे वेगातील पाचवा हिस्सा सोडला की स्विचांची उष्णता जवळजवळ निम्मी होते. अक्षर उमटावयास लागणारा विलंब हा असा बचावाचा उपाय आहे, रोग नव्हे. एवढ्यानेही भागले नाही तर यंत्र स्वतःला बंद करून घेते. वाचनालयातील अर्ज त्यात बुडाला, पण प्रोसेसर वाचला.

कान, तळहात आणि कागदाची पट्टी

वरील वाट ध्यानात आली म्हणजे परीक्षा सोपी होते. लॅपटॉप कठीण, सपाट टेबलावर ठेवून अर्धा तास नेहमीचे काम करावे. नंतर ज्या फटीतून हवा बाहेर येते तेथे तळहात धरावा, आणि पातळ कागदाची एक पट्टी लोंबती धरून ती किती उडते हे पाहावे.

पट्टी जोराने उडते आणि हवा चांगली गरम आहे, तर वाट मोकळी आहे. यंत्रावर कामाचा भार अधिक आहे किंवा खोलीच तापलेली आहे. पंख्याचा आवाज मोठा, पण पट्टी जेमतेम हलते आणि जी थोडी हवा येते ती फार गरम, असे असेल तर जाळी धुळीने बुजली आहे किंवा तळाच्या फटी झाकल्या गेल्या आहेत. हवा जोराने येते, पण ती कोमटच. आणि तरीही यंत्र मंदावते व बंद पडते, असे आढळले तर उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. लेप वाळून फुटला असावा, तांब्याची पट्टी ढिली झाली असावी किंवा क्वचित नलिकाच निकामी झाली असावी. पट्टी हलतच नाही आणि कानाला आवाजही नाही, तर पंखा थांबला आहे. मात्र काही लॅपटॉपांत पंखाच नसतो. त्यांचे धातूचे कवचच जाळीचे काम करते, आणि ते सर्वत्र सारखे ऊन लागणे स्वाभाविक होय.

या चार लक्षणांपैकी कोणते आपल्या यंत्राला लागू पडते हे ठरविल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये. दुरुस्ती करणारा कारागीर प्रामाणिक असला तरी नेमकी तक्रार सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम लवकर आणि स्वस्तात होते.

भार अधिक असल्यास तो कोण टाकीत आहे ते पाहावे. विंडोज प्रणालीत टास्क मॅनेजर उघडला असता कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरचा किती भाग व्यापीत आहे हे टक्क्यांत दिसते. पुष्कळदा चाळीस-पन्नास पाने एकाच वेळी उघडून ठेवलेला ब्राउझर हाच दोषी निघतो. कधी मागे चुपचाप चाललेली अद्ययावतीकरणाची प्रक्रिया. आणि मालकाच्या नकळत यंत्राला राबविणारा घुसखोर प्रोग्रॅमही कधीकधी असतो, हे त्या दुसऱ्या सल्लागाराच्या बाजूने सांगितले पाहिजे. वीजवापराच्या मांडणीत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केल्यास पुष्कळ यंत्रांत तापमान लक्षणीय उतरते. एका टक्क्याने एवढा फरक का पडावा, असे वाटेल. कारण असे की, १०० ही मर्यादा असता प्रोसेसरला थोड्या काळापुरते आपल्या नेहमीच्या वेगाच्या पलीकडे धावण्याची मुभा असते. ९९ केल्याने ती मुभा जाते. पत्रे लिहिण्यास आणि अर्ज भरण्यास त्या धावेची गरज नसते.

हवा अडली असल्यास प्रथम यंत्र कशावर ठेवले आहे ते पाहावे. गादी, उशी, सतरंजी यांवर ठेवलेल्या लॅपटॉपचे पाय आत रुततात आणि तळाच्या फटी बंद होतात. रबरी पाय गळून पडणे हेही एक दुर्लक्षित कारण आहे. त्यांच्या जागी बाटलीची बुचे चिकटविली तरी चालते. मागील कड दोन सेंटिमीटरने उचलली जाईल अशी दोन पुस्तके, अर्थात फटी न झाकता, तिच्याखाली ठेवावीत. पंखे बसविलेल्या विकतच्या पाटांचा उपयोग होतो, परंतु त्यातील बराचसा या उचलण्यामुळेच होतो आणि पुस्तकांना पैसे पडत नाहीत. शहाबादी फरशी थंड असते म्हणून यंत्र जमिनीवर ठेवण्याचा मोह होतो. पण धूळ जमिनीलगतच सर्वांत अधिक असते.

धुळीविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या देशात लॅपटॉप तापण्याचे हे फार मोठे कारण होय. पंखा दर मिनिटास शंभर लिटर हवा ओढतो, म्हणजे तितक्या हवेतील धूळही ओढतो. घरातील कापसाचे तंतू, उदबत्तीची काजळी, शाळेत खडूची भुकटी, वायव्येकडील प्रांतांत वाळवंटातील बारीक माती, हे सर्व जाळीच्या तोंडाशी अडकते. तंतू आधी गुंततात आणि मग त्यांत भुकटी अडते. अशा रीतीने पंखा आणि जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखा एक पापुद्रा तयार होतो. तो बाहेरून दिसत नाही. बाहेरची फट स्वच्छ पुसलेली असूनही आत वाट पूर्ण बुजलेली असू शकते.

यंत्र बंद करून, ॲडॉप्टर काढून आणि तळाचे झाकण उघडून हा पापुद्रा मऊ कुंचल्याने वा चिमट्याने काढता येतो. उरलेली धूळ दाबलेल्या हवेच्या डब्याने किंवा कॅमेऱ्याचे भिंग साफ करण्याच्या रबरी फुग्याने उडवावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावी. झोताने ती भलत्याच वेगाने फिरली तर धारवे खराब होतात, आणि फिरणारी मोटर उलट वीज निर्माण करून सूक्ष्म मंडलांना इजा करू शकते. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीत ओलावा असतो. घरातील व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नये. त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साठते. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर झाकण उघडण्यापूर्वी अटी वाचाव्यात. लेप बदलणे हे काम मात्र अनुभवी हाताचे आहे. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून नवा पातळ लेप द्यावा लागतो, आणि पट्टीचे स्क्रू सारख्या दाबाने आवळावे लागतात. एखाद्या बाजूस दाब अधिक पडल्यास सिलिकॉनची चकती टवकते.

ओले फडके, कूलर आणि शीतपेटी

तापलेले यंत्र शीतपेटीत ठेवणारे लोक आहेत. तेथे ते गार होते हे खरे. पण बाहेर काढल्यावर काय होते? पावसाळ्यात मुंबईची हवा ३० अंश तापमानाची आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. दहा अंशांवर आलेल्या लॅपटॉपच्या बाहेरच नव्हे, तर आतल्या मंडलांवरही दव जमते. आणि वीज सुरू करताच ओल्या मंडलांत नको त्या ठिकाणी प्रवाह वाहू लागतो. ओल्या फडक्याचा धोका याच जातीचा आहे, फक्त अधिक उघड.

उत्तर आणि मध्य भारतातील कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली बरीच अंश उतरवितो आणि त्याचा लॅपटॉपलाही लाभ होतो. मात्र यंत्र कूलरच्या झोताच्या तोंडाशी ठेवू नये. त्या हवेबरोबर बारीक तुषार येतात, आणि पाणी जड असेल तर ते वाळल्यावर क्षार मागे राहतात. छताचा पंखा हवेला थंड करीत नाही. परंतु यंत्राभोवती साचलेली गरम हवा तो दूर लोटतो. तीच हवा तळातून पुन्हा आत ओढली जाऊ नये, यासाठी एवढेही पुरेसे उपयोगी आहे.

मांडीवर ठेवावा काय?

लॅपटॉप या इंग्रजी नावात मांडी आहे खरी. पण तेथे तो ठेवणे यंत्राच्या आणि माणसाच्याही हिताचे नाही. कपड्यांनी तळाच्या फटी झाकल्या जातात, हे झाले यंत्राचे. माणसाचे असे की, चटका बसण्याइतकी नसलेली, पण रोज कित्येक तास लागणारी ऊब त्वचेवर जाळीसारखे तपकिरी-लालसर डाग उमटविते. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. तिच्यामुळे पोटावर व मांड्यांवर उमटणारे असे डाग वैद्यांना फार पूर्वीपासून परिचित आहेत, आणि वर्षानुवर्षांच्या शेकाने तेथे कर्करोग झाल्याचीही नोंद आहे. स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी २०१० साली एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. काही महिने रोज मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळल्याने त्याच्या मांडीवर हेच डाग उठले होते. ते वेळीच ओळखून कारण दूर केल्यास बहुधा हळूहळू फिके होतात.

बॅटरीची गोष्ट वेगळी

येथवर जे सांगितले त्यात प्रोसेसर स्वतःचा बचाव करतो, असे आपण पाहिले. बॅटरीला तशी पुरती खात्री देता येत नाही, म्हणून तिच्याबाबत अधिक सावध असावे. १९९१ साली बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी हलकी आणि गुणी आहे. तिच्या निर्मितीचा पाया घालणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तिच्यातील द्रव ज्वालाग्राही असतो. तापमान वाढले की तिच्यातील नको असलेल्या रासायनिक क्रिया जलद होतात आणि ती लवकर म्हातारी होते. पूर्ण भरलेल्या स्थितीत तर अधिकच लवकर. साधारणतः ४५ अंशांच्या वर ती भारित करू नये असा संकेत आहे, आणि पुष्कळ लॅपटॉप त्या तापमानास भरणे आपोआप थांबवितात. हे ठाऊक नसल्यास ॲडॉप्टर बिघडला असे वाटते. यंत्र सतत विजेला जोडलेले असेल तर, सोय असल्यास, भरण्याची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत लॅपटॉप कधीही ठेवून जाऊ नये.

२००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका मोठ्या उत्पादकाने लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागविल्या. त्या दुसऱ्या एका कारखान्यात बनल्या होत्या, आणि त्यांत राहून गेलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे आतल्या आत वीज जुळून काही यंत्रे पेटली होती. अशी घटना विरळा खरी. पण बॅटरी फुगल्याची खूण कोणासही ओळखता येते : लॅपटॉपचा तळ टेबलावर डुगडुगू लागतो, कळफलकाच्या खालची बाजू वर उचलली जाते, झाकण नीट मिटत नाही. आत वायू साठल्याचे हे लक्षण होय. असे यंत्र त्याच क्षणी बंद करावे, विजेपासून सोडवावे आणि पुन्हा भरू नये. फुगीर भाग दाबू नये, टोचू तर मुळीच नये.

धूर येऊ लागला तर तो विषारी असतो. माणसांनी खोलीबाहेर पडावे आणि अग्निशामक दलास १०१ या क्रमांकावर कळवावे. सुरक्षितपणे करता आले तर भिंतीवरील विजेचे बटण बंद करून दुरून भरपूर पाणी ओतावे. त्याचा हेतू ज्वाला विझविण्याइतकाच बॅटरीचे शेजारचे घट थंड ठेवण्याचा असतो. विमानातील सेवकवर्गालाही हेच शिकविलेले असते. घोंगडी टाकून झाकल्यास उष्णता आतच कोंडते आणि एकामागून एक घट पेटत जातात.

काढून टाकलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात घालावयाची नसते. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली गेली की तेथेच पेट घेते. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. तेव्हा ती उत्पादकाच्या सेवाकेंद्रात किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. आणि नेईपर्यंत तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, धातूच्या वस्तूंपासून दूर, कोरड्या आणि मोकळ्या जागी ठेवावी.